बॅटरीची पारख



आजच्या विषयाची पाटी बाहेर वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय असते, मराठ्यांचा इतिहास असतो, फार तर अर्थशास्त्र असते. मोटारीच्या बॅटरीवर तासभर काय ऐकावयाचे, आणि तेही एका युनियनवाल्याकडून? संयोजकांनाही ही शंका आली होती. त्यांना मी एवढेच म्हणालो की, गडकोटांना इतिहास असतो तसा हत्यारांनाही असतो, आणि ज्याने ते हत्यार हाताळले त्याने तो सांगितला तर बिघडत नाही.

मी पंडित नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते गॅरेजात, कारखान्याच्या गेटवर आणि १८९३ सालापासून आपल्या ठाण्यात उभ्या असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात. तेव्हा बोलण्यात कोठे ओबडधोबडपणा आला तर आपण सांभाळून घ्याल अशी खात्री आहे.

वयाच्या सोळाव्या वर्षी मी कोपरीत हायवेच्या कडेला एका बॅटरीच्या दुकानात कामाला लागलो. दुकान कसले, तीन बाजूंनी पत्रे आणि पुढे ट्रक उभा राहील एवढी जागा. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी माझ्या हाती काचेची एक नळी दिली. तिच्या डोक्यावर रबराचा फुगा, पोटात तरंगणारी दुसरी बारीक नळी, आणि त्या नळीवर आकडे. फुगा दाबून सोडला की सेलमधले ऍसिड वर चढते आणि आतली नळी तरंगू लागते. ती किती बुडाली ते वाचावयाचे. उस्ताद म्हणत, "बाराशे पन्नास आली तर भरली, अकराशे पन्नासवर आली तर उतरली. मधे असेल तर ड्रायव्हरला विचार, गाडी चालत होती की उभी होती." तो आकडा कशाचा, हे मात्र त्यांनाही सांगता येईना. वर्षभराने ग्रंथसंग्रहालयात पदार्थविज्ञानाचे एक जुने पाठ्यपुस्तक चाळताना उलगडा झाला. पाण्याचे वजन एक हजार धरले तर तेवढ्याच मापाचे हे ऍसिड साडेबाराशे भरते. विशिष्ट गुरुत्व म्हणजे काय आणि दशांशचिन्ह कशासाठी असते, हे मी बॅटरीपासून शिकलो.

उस्तादांची एक लकब होती. चहाची बशी ते नेहमी दोन्ही हातांनी धरीत. मला वाटे, जुन्या माणसांची रीत असेल. त्या रीतीकडे मी पुढे वळणार आहे.

प्रथम मूळ धरू. मुंबईच्या रस्त्यांवर मोटारगाड्या दिसू लागल्या त्या १८९८ साली. मुंबईत विजेचा सार्वजनिक पुरवठा उभा राहू लागला तो १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाल्यावर, आणि विजेची ट्राम धावली १९०७ साली. म्हणजे मोटार आधी आली आणि वीज मागून आली. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण आरंभीच्या मोटारवाल्याच्या निम्म्या अडचणी त्यातून निघतात.

पेट्रोलच्या गाडीला वीज कशाला हवी? ठिणगीसाठी. इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते, आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडली तरच ती पेटते. अगदी सुरुवातीच्या काही गाड्यांत लाल तापवलेली नळी वापरून हे काम करीत. पण ठिणगी सरस ठरली. द दियाँ-बूताँ या फ्रेंच गाड्यांनी बॅटरी आणि गुंडाळी यांची जोड लोकप्रिय केली. ही बॅटरी आजच्यासारखी अवजड नव्हती. दोन सेलची, चार व्होल्टची, हातात उचलून नेता येईल अशी. तिला ना दिवे लावावयाचे होते, ना इंजिन फिरवावयाचे होते. दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळत आणि इंजिन माणूस फिरवी.

बॅटरीचे शास्त्र त्याहून जुने. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच संशोधकाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे गंधकाम्लात बुडवून, पुन्हा पुन्हा भरता येईल असा सेल सिद्ध केला. १८८१ साली कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यावर शिशाच्याच भस्माचा लेप देण्याची युक्ती काढली. लेपामुळे त्याच वजनात कितीतरी अधिक वीज साठू लागली आणि बॅटरी कारखान्यात ढिगाने बनविण्याजोगी झाली. त्या लेपाकडेही आपल्याला परत यावे लागेल.

आता १९०० च्या आगेमागे मुंबईत मोटार घेणाऱ्या गृहस्थाची कल्पना करा. त्याच्यापुढे पहिला प्रश्न असा की, कोरडे सेल घ्यावे की भरता येणारी बॅटरी? कोरडे सेल संपले की फेकावयाचे, पण त्यांना भरण्याची यातायात नाही. बॅटरी दीर्घकाळ पुरते, पण ती भरावयाची कोठे? ज्या गावी वीज नाही त्या गावी ती नुसते ओझे. १९०४ च्या डिसेंबरअखेर दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची कसोटी भरविण्यात आली, तेव्हा वाटेतल्या शेकडो मैलांत बॅटरी भरून देणारे दुकान शोधून सापडले नसते. म्हणून जाणते लोक दोन बॅटऱ्या बाळगीत. एक कामावर, एक राखीव.

दुसरा प्रश्न पाटीवरील आकड्याचा. बॅटरीची ताकद अँपिअर-तासांत सांगतात. इतके अँपिअर वीज इतके तास, असा त्याचा अर्थ. पण त्या काळचे विक्रेते ठिणगीच्या बॅटरीवर निराळाच आकडा छापीत. ठिणगीसाठी वीज अखंड लागत नाही, थांबून थांबून लागते, या सबबीखाली खऱ्या आकड्याची दुप्पट लिहिण्याची वहिवाट होती. चाळीस छापलेली बॅटरी अखंड कामाला वीसच निघे. मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा हसू आले. आमच्या चळवळीतही सदस्यसंख्या छापण्याची एक वहिवाट आहेच.

तिसरा प्रश्न डब्याचा. सेल्युलॉइडचा डबा पारदर्शक असे, आतले ऍसिड किती आणि प्लेटांखाली गाळ किती साचला ते दिसे. पण सेल्युलॉइड पेटते. कठीण रबराचा डबा पेटत नसे, पण आतले काही दिसत नसे. दिसणारे घ्यावे की टिकणारे, हा प्रश्न गाडीवाल्यांना नवा नव्हता आणि आजही जुना झालेला नाही.

परीक्षेची रीतही अनुभवाने ठरली. व्होल्टमीटर लावून पाहणे सोपे. पण रिकामा होत आलेला सेल थोडा वेळ स्वस्थ ठेवला की पुन्हा दोन व्होल्ट दाखवू लागतो. विश्रांती घेतलेला सेल खोटी साक्ष देतो. म्हणून गाडी धावून आल्याबरोबर, किंवा लहानसा दिवा जोडून सेलवर भार टाकूनच मोजावे, असे जुने जाणकार सांगत. प्रत्येक सेल १.८ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. उतरून तसाच राहिला तर प्लेटांवर पांढरा थर धरतो, तो कठीण होत जातो, आणि मग ती बॅटरी पुरती भरत नाही. बसून राहिलेल्या माणसासारखे तिचे होते.

एवढी उपाधी कशाला, असे म्हणून काहींनी बॅटरीच काढून टाकली. बॉश कंपनीचा मॅग्नेटो आला. तो इंजिनाच्या फिरण्यावरच ठिणगी निर्माण करी. १९०८ साली निघालेल्या हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर मॅग्नेटो इंजिनाच्या गतिचक्रातच बसविला होता. बॅटरीवाचून गाडी धावू लागली. जगाने तेथेच थांबावयाचे ठरविले असते तर आजचे व्याख्यान येथे संपले असते. पण एक गोष्ट राहिली होती. इंजिन पहिल्यांदा फिरवावयाचे कोणी?

ते फिरवीत असे गाडीपुढे वाकून उभा राहणारा माणूस. श्रीमंताच्या गाडीला शोफर असे. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटविणारा. आपल्याकडे हे काम बहुधा क्लीनरकडे येई, आणि त्याला 'हँडल मारणे' म्हणत. माझ्या लहानपणापर्यंत जुन्या ट्रकांना आणि फियाट टॅक्सींना समोर हँडलचे भोक असे, ते पुष्कळांना आठवत असेल. हँडल मारण्याचे शास्त्र होते. ठिणगी आधी मागे सारावयाची, म्हणजे ती उशिरा पडेल. मूठ वळताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा, दांड्याभोवती घ्यावयाचा नाही. आणि दांडा वर ओढावयाचा, खाली दाबावयाचा नाही. कारण ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटे फिरते आणि हँडल परत येऊन हातावर आदळते. मग मनगट मोडते. हा अपघात इतका नित्याचा होता की, मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला वैद्यक आजही 'शोफरचा अस्थिभंग' म्हणते. मालकाची गाडी आणि नोकराचे मनगट, अशी ती वाटणी होती.

यावर उपाय काढला चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने. कॅडिलॅक कंपनीचे हेन्री लेलँड यांचा एक स्नेही हँडलच्या तडाख्याने जखमी होऊन दगावला आणि लेलँड यांनी हा विषय मनावर घेतला, अशी कथा सांगतात. केटरिंग पूर्वी दुकानातील गल्ल्याची यंत्रे करणाऱ्या कारखान्यात होता. गल्ल्याचा खण उघडण्यासाठी त्याने विजेची लहान मोटर बसविली होती, आणि एक मर्म त्याला कळले होते. मोटर क्षणभरच चालावयाची असेल तर तिच्यावर तिच्या ऐपतीच्या कितीतरी पट भार टाकता येतो; तापून जळण्याआधी काम होऊन जाते. तेच त्याने इंजिनाला लावले. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेने इंजिन फिरू लागले, विजेने दिवे लागले, आणि इंजिन चालू झाल्यावर तेच यंत्र डायनॅमो होऊन बॅटरी भरू लागले. फोर्डनेही १९१९ साली ही सोय देऊ केली. आपले मेकॅनिक तिला 'सेल्फ' म्हणतात. सेल्फ मारला की गाडी आपली आपण चालू होते, अशी आपली समजूत.

आता बॅटरीच्या निवडीचे गणितच बदलले. ठिणगीच्या बॅटरीला थोडी वीज पुष्कळ वेळ द्यावयाची होती. सेल्फच्या बॅटरीला शेकडो अँपिअर वीज काही सेकंदांत फेकावयाची होती. त्याला जाड प्लेटा चालत नाहीत. पातळ आणि पुष्कळ प्लेटा लागतात, कारण एवढी वीज एकदम निघावयाची तर ऍसिडला भिडणारे क्षेत्रफळ वाढले पाहिजे. म्हणून बॅटरी प्लेटांवर विकली जाऊ लागली. आमच्या दुकानात ड्रायव्हर येऊन व्होल्ट विचारीत नसे, अँपिअर विचारीत नसे, तो म्हणे, "पंधरा प्लेटची दाखव." हा आकडा नेहमी विषम असतो. प्रत्येक धन प्लेटीच्या दोन्ही बाजूंस ऋण प्लेट हवी, म्हणून ऋण प्लेट एकाने जास्त. एडिसनने लोखंड आणि निकेल यांची टिकाऊ बॅटरी काढली होती. तिच्यात शिसे नव्हते, ऍसिड नव्हते, विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तिने चांगले काम दिले. पण एकदम जोराचा झटका देणे तिला साधले नाही, आणि पेट्रोलच्या गाडीत शिशाचीच बॅटरी कायम झाली.

परीक्षाही बदलली. दोन काट्यांचा फोर्क टेस्टर आला. त्याच्या दोन टोकांमध्ये जाड पट्टी असते. टोके सेलच्या दोन्ही बाजूंना दाबून धरली की सेलवर सेल्फएवढाच भार पडतो. दहा-पंधरा सेकंद धरावयाचे आणि काटा पाहावयाचा. सर्व सेलचा काटा सारखा उतरला तर बॅटरी नुसती रिकामी आहे, भरून द्या. एकाच सेलचा काटा कोसळला तर तो सेल मेला. बॅटरीची साखळी सर्वांत दुबळ्या सेलइतकीच बळकट असते, कारण वीज सर्वांमधून जाते.

येथे हिंदुस्थानचा म्हणून एक धडा आहे. थंड मुलखातली पुस्तके सांगत, पूर्ण भरलेल्या बॅटरीचे गुरुत्व १.२८० असावे. आपल्या हवेत हा आकडा जसाच्या तसा घेणे चुकीचे. दाट ऍसिड उष्णतेत प्लेटा आणि मधले पडदे लवकर खाते. म्हणून उष्ण प्रदेशात ते १.२४० च्या आसपासच ठेवावयाचे. तिकडे ऍसिड दाट हवे ते थंडीसाठी, एरवी ते गोठेल. कोपरीत ऍसिड गोठण्याची चिंता कोणी करू नये. आमच्या उस्तादांनी हे कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. त्यांचा बाराशे पन्नासचा आकडा मेलेल्या बॅटऱ्यांनी त्यांना शिकविला होता. उन्हाळ्यात पाणी लवकर उडते, म्हणून आठवड्याला झाकणे उघडावयाची; विहिरीचे किंवा नळाचे पाणी घालावयाचे नाही, त्यातले क्षार प्लेटांना बाधतात; ऊर्ध्वपातित पाणीच घालावयाचे. या गोष्टी आमच्या दुकानात वेदवाक्यासारख्या पाळल्या जात.

धंदा वाढत गेला. फोर्ड कंपनीने १९२६ साली मुंबईत बस्तान बसविले, जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला, वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी १९४४ साली स्थापन होऊन कुर्ल्याला उभी राहिली. बॅटऱ्या आरंभी विलायतेहून येत. पुढे एक्साइड नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचा कारखाना १९४६ साली बंगालमध्ये श्यामनगरला निघाला, १९६९ साली पुण्याजवळ चिंचवडला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ १९६२ साली रुळांपलीकडच्या आपल्या वागळे इस्टेटीत झाला. मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने बॅटऱ्या दुरुस्त करणारी, जुन्या प्लेटा काढून नव्या घालणारी, जुने शिसे वितळविणारी शेकडो लहान दुकाने झाली. त्यांपैकीच एक आमचे.

मित्रहो, इथपर्यंतचा इतिहास मोटारीच्या पुस्तकांतही सापडतो. निवड कशी करावी, परीक्षा कशी घ्यावी, सारे नीट लिहिलेले आहे. आता मी त्यात न लिहिलेल्या बाजूकडे येतो.

बॅटरीची प्लेट म्हणजे शिशाची जाळी आणि तिच्यात भरलेला तो फोर याचा लेप. लेपासाठी शिशाचे भस्म दळावे लागते, कालवावे लागते, जाळीत भरावे लागते. वाळलेला लेप हाताळताना उडतो. मग प्लेटा जोडण्यासाठी शिसे वितळवावे लागते. या सर्व कामात शिशाचा धूर आणि त्याहून वाईट म्हणजे शिशाची धूळ माणसाच्या श्वासात जाते, नखांत बसते, भाकरीबरोबर पोटात उतरते. आधी भूक मरते, पोटात कळा येतात, तोंडावर फिकटपणा येतो, हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसते. आणि पुष्कळ शिसे साठले म्हणजे हात वर उचलणारे स्नायू निकामी होतात. पंजा मनगटातून खाली लोंबतो. माणूस मूठ वळवू शकतो, पण पंजा उचलू शकत नाही.

उस्ताद बशी दोन्ही हातांनी का धरीत, ते हे वाचताना मला कळले. तोपर्यंत ते गावी निघून गेले होते.

म्हणजे पाहा, हँडलने मोडणारे मनगट सेल्फने वाचविले. ही गोष्ट थोर आहे, मी तिला कमी लेखत नाही. क्लीनरचे काम मी केले आहे. पण ते संकट नाहीसे झाले नाही. ते गाडीपुढून उठून बॅटरीच्या कारखान्यात जाऊन बसले. पूर्वी मोडलेले मनगट मालकाच्या डोळ्यांदेखत मोडे. आता लुळे पडणारे मनगट त्याला दिसत नाही, कारण ते वीस मैलांवर, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. केटरिंगला दोष देण्याचे कारण नाही. त्याने एक प्रश्न सोडविला, दुसरा सोडविणे इतरांवर होते.

आणि दुसरा प्रश्न कोणालाच माहीत नव्हता असेही नाही. ब्रिटनमध्ये थॉमस लेग हे १८९८ साली कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक झाले. त्यांनी शिशाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, मालकाने आपले सर्व करून झाल्याशिवाय कामगार स्वतःला फारसे वाचवू शकत नाही. रंगातील पांढऱ्या शिशावर बंदी घालण्याच्या आंतरराष्ट्रीय करारास त्यांच्या सरकारने मान्यता दिली नाही, तेव्हा १९२६ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. अमेरिकेत डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन या बाईंनी केटरिंगच्या शोधानंतर दोन-तीन वर्षांतच बॅटरीचे कारखाने स्वतः फिरून पाहिले आणि धूळ हीच खरी वैरीण असल्याचे लिहिले. युरोपात कायद्याचा धाक आहे म्हणून तेथे विषबाधा कमी आहे, हे त्यांनी स्पष्ट दाखविले.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचे साल १९१९. त्या साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद प्रथम भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे आपले नारायण मल्हार जोशी तेथे गेले होते. ज्या साली फोर्डने सेल्फ देऊ केला त्याच साली या परिषदेने शिफारस केली की, बॅटऱ्या बनविण्याच्या व दुरुस्त करण्याच्या धंद्यात लेप कालविण्याचे व भरण्याचे काम स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील मुले यांना देऊ नये. मी ते काम सोळाव्या वर्षी करीत होतो. शिफारशीला तोपर्यंत सत्तरीकडे झुकलेली वर्षे झाली होती.

कायदेही झाले. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात शिशाची विषबाधा हा धंद्यामुळे होणारा रोग म्हणून पहिल्यापासून नोंदला गेला. १९४८ च्या कारखाने कायद्याने असा रोगी आढळला तर कळविणे बंधनकारक केले. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कारखाने नियमांत बॅटऱ्या बनविणे आणि दुरुस्त करणे यासाठी निराळे परिशिष्टच आले: धूळ ओढून घेणारी यंत्रणा, हातपाय धुण्याची सोय, जेवणाची वेगळी खोली, ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी. पण विजेवर चालणारा कारखाना म्हणजे दहा माणसे, अशी मोजणी होती. आमच्या दुकानात आम्ही चौघे. कायदा दारावरून पुढे गेला.

कायद्याला नावे ठेवून मी मोकळा झालो असतो तर येथे उभा राहण्याचा मला अधिकार नव्हता. माझी एक चूक सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी बॅटरीच्या एका कारखान्यातील कामगार आमच्या युनियनमध्ये आले. कारखान्याचे नाव घेत नाही. लेपाच्या खात्यात बारा माणसे. कोणाची पोटदुखी, कोणाचे हात थरथरणारे. कंपनी त्यांना रोज दूध आणि गूळ देई आणि दुधाने शिसे उतरते असे सांगे. दुधाने शिसे उतरत नाही. मी तरुण होतो, ईर्ष्या होती. तीन महिने भांडून मी त्या खात्यासाठी धोका भत्ता मिळविला. दरमहा दीडशे रुपये. गेटवर सभा झाली, गुलाल उडाला, मला हार घातला.

वर्षाने काय झाले? धूळ ओढणारा पंखा बसवा, असे पत्र मी दिले तेव्हा व्यवस्थापनाने विचारले, "धोक्याचे पैसे देतो ना?" आणि रक्त तपासा म्हटले तेव्हा खुद्द आमचेच सभासद मागे सरले. रक्तात शिसे निघाले की खाते बदलणार, खाते बदलले की भत्ता जाणार. दीडशे रुपयांत कोणाच्या मुलाची शाळा होती, कोणाच्या घराचा हप्ता. एक वयस्क कामगार, त्यांना आम्ही मामा म्हणत असू, मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, तुम्हीच मिळवून दिलंत, आता तुम्हीच काढून घेता काय?" त्यांना उत्तर देणे मला जमले नाही. दोन वर्षांनी मामांचा उजवा पंजा लोंबू लागला. कारखान्याच्या डॉक्टरने संधिवात लिहिले. बाहेर तपासलेल्या रक्ताने निराळे सांगितले. भरपाई मिळाली, पण मनगट परत आले नाही. मामांच्या घरचा कपडा त्यांची बायको धूत असे, त्या कपड्यातली धूळ त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचली असेल, हा विचार मला पुढे कितीतरी रात्री सोडीत नव्हता.

मी काय केले होते? धोका कमी करण्याऐवजी त्याचा दर ठरविला होता. बॅटरीवर दुप्पट आकडा छापणाऱ्या विक्रेत्याला मघाशी मी हसलो. माझा गुलालही तसलाच आकडा होता.

पुढच्या करारात आम्ही मागण्यांचा क्रम उलटा केला. पहिली मागणी पंख्याची आणि कामाच्या जागी जेवण बंद करून वेगळ्या खोलीची. दुसरी, कामाचे कपडे कारखान्यातच धुण्याची आणि सुटताना अंघोळीची. तिसरी, दर सहा महिन्यांनी रक्ततपासणीची, आणि तिचा कागद कामगाराच्या हाती देण्याची. चौथी, शिसे वाढल्यामुळे खाते बदलले तर पगारात एक पैसा कमी न होण्याची. भत्ता त्या खात्याच्या मूळ पगारात मिळविला, म्हणजे तो धोक्याला बांधलेला राहिला नाही. ही चौथी अट मिळाली तेव्हा रक्त द्यायला रांग लागली. माणसे भित्री नव्हती, हिशेबी होती. आणि त्यांचा हिशेब आम्ही चुकविला होता.

आज काळ बदलला आहे असे म्हणतात. विजेच्या गाड्या आल्या, त्यांत लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. तरीही जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक अजून मोटारींच्या बॅटऱ्यांत जाते. विजेच्या पुष्कळ गाड्यांतही दिवे आणि कुलुपे यांसाठी बारा व्होल्टची जुनी शिशाची बॅटरी असतेच. शिसे पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येते, हा त्या धातूचा गुण. पण ते परसातल्या भट्टीत वितळविले तर साऱ्या वस्तीचे नुकसान. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांनी विक्रेत्यांवर टाकली आणि २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर ती आणखी स्पष्ट केली. नियम कागदावर आहेत. त्यांची परीक्षा भार टाकून घ्यावी लागते. स्वस्थ ठेवलेला नियम पूर्ण दोन व्होल्ट दाखवितो.

तेव्हा आपल्याकडे दोन गोष्टी मागतो. ज्यांच्या दारी गाडी आहे त्यांनी जुनी बॅटरी पन्नास रुपये जास्त देणाऱ्या हातगाडीवाल्यास देऊ नये. पावती देणाऱ्या दुकानात द्यावी, आणि ही पुढे कोठे जाते असे एकदा तरी विचारावे. आणि येथे बसलेल्या माझ्या कामगार भावांनी, विशेषतः तरुण कार्यकर्त्यांनी, मागणीपत्र लिहिताना पंखा आधी लिहावा, भत्ता मागून. गेटवर पंख्यासाठी गुलाल उडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहावा.

बॅटरीची पारख करताना उस्ताद एकेक सेल स्वतंत्र तपाशीत. सहापैकी पाच चांगले आहेत म्हणून त्यांनी कधी बॅटरी चांगली म्हटली नाही. आपल्या गावातल्या उद्योगांचीही तशीच पारख व्हावी, एवढेच मला म्हणावयाचे होते.